गाडी साडेपाच तासच चालली होती, तरी चालकाचा डोळा लागला. नेमके काय बदलावे?

प्रश्न : निफाडकर

नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमचा लहानसा वाहतूक व्यवसाय आहे. चार ट्रक, पाच चालक आणि दोन क्लीनर असा कारभार आहे. हंगामात आम्ही द्राक्षे घेऊन दिल्लीला जातो आणि एरवी कांदा, टोमॅटो वाशीच्या बाजारात पोहोचवतो.

गेल्या हंगामात आमच्या एका गाडीला अपघात झाला. चालक नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहे, व्यसनी नाही आणि घाईही करणारा नाही. दिल्लीची खेप भरून गाडी रात्री साडेनऊला निघाली. चांदवडच्या पुढे जेवणासाठी पाऊण तास थांबली. शिरपूर सोडल्यावर पहाटे तीन वाजून चाळीस मिनिटांनी ती डावीकडच्या लोखंडी कठड्याला घासत गेली आणि खड्ड्यात कलंडली. देवाच्या कृपेने जीव कोणाचा गेला नाही, पण क्लीनरचा हात मोडला. पोलिसांच्या कागदावर ‘वाहनावरील नियंत्रण सुटले’ असे लिहिले आहे. चालकाने मात्र मला इस्पितळाच्या ओसरीवर सरळ सांगितले, ‘मालक, डोळा लागला.’

मी जीपीएसचा अहवाल काढून पाहिला. गाडी जेमतेम १८० किलोमीटर, म्हणजे सुमारे साडेपाच तास चालली होती. एवढ्यात माणूस थकतो कसा, हे मला कळेना. नंतर त्याच्याशी बसून आदल्या दिवसाचा हिशेब मांडला, तेव्हा कळले की तो पहाटे पाचला उठला होता, सकाळी टायरचे काम करून घेतले होते आणि दहापासून रात्री नऊपर्यंत पॅकिंग शेडवर गाडी भरत उभा होता. म्हणजे तो जवळजवळ तेवीस तास जागा होता. त्या दिवशी ‘गाडी निघाली का?’ असे विचारायला मी त्याला चार वेळा फोन केला होता. ‘तू झोपलास का?’ हे एकदाही विचारले नव्हते.

आता माझे प्रश्न असे आहेत. चालकाच्या कामाच्या तासांचा कायदा आमच्यासारख्या चार गाड्यांच्या मालकाला लागू होतो का? झोप ओळखणारा कॅमेरा बसवावा का, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांनी प्रत्यक्ष हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : घाटवाट

निफाडकर भाऊ, मी अठ्ठावीस वर्षे आग्रा रोडवर गाडी चालवली आहे. आता मुलगा चालवू देत नाही म्हणून घरी आहे. आपल्या चालकाने खरे सांगितले, ही मोठी गोष्ट आहे. पुष्कळ मालकांकडे ‘डोळा लागला’ म्हटले की दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतात, म्हणून सगळे चालक ‘समोर जनावर आले’ असे सांगतात, आणि मग झोपेचा अपघात कुठल्याच कागदावर येत नाही.

तुम्ही विचारता की साडेपाच तासांत माणूस थकतो कसा. चालक स्टिअरिंगवर कमी आणि गाडीखाली, गाडीमागे आणि गाडीशेजारी जास्त थकतो. गाडी भरताना चालकाला उभे राहावेच लागते, कारण पोहोच देताना दोन खोके कमी निघाले तर त्यांचे पैसे त्याच्या खर्चीतून कापले जातात. हमाल एकामागून एक खोके फेकत असतात आणि तो फळीवर खडूने पाच-पाचच्या जुड्या मारत असतो. त्याने अर्धा तास केबिनमध्ये पाठ टेकली आणि नेमकी त्याच वेळी थप्पी चुकली, तर भरपाई त्याच्या माथी. अशा स्थितीत कोण झोपेल? शिवाय मार्चमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडसमोर उभ्या केलेल्या गाडीच्या केबिनमध्ये झोपून पाहा, म्हणजे कळेल. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याच्या आधीच्या आहेत.

झोप एकदम येत नाही, आधी ती सूचना देते. मागचे दोन-तीन मैलाचे दगड कधी गेले ते आठवत नाही. समोरच्या गाडीचे लाल दिवे एकाचे दोन दिसू लागतात. चढावर गिअर उशिरा पडतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि मान मागून जड होते. त्या वेळी चालक खिडकी उघडतो, गाणी मोठी लावतो, तोंडावर पाणी मारतो, तंबाखू मळतो. हे सगळे मी केले आहे आणि त्याने दहा मिनिटांपलीकडे काही होत नाही. माळव्यात काही जण डोड्याच्या, म्हणजे अफूच्या बोंडांच्या नशेच्या, आहारी गेलेले मी पाहिले. त्यांतले दोघे माझ्या ओळखीचे होते आणि आज दोघेही नाहीत.

गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपणे हाच एक उपाय आहे. मात्र उठल्याबरोबर चावी फिरवायची नाही. खाली उतरून सगळ्या टायरांवर हात मारावा, ताडपत्रीचे दोर पाहावेत, मगच निघावे, कारण झोपेतून उठल्यावरची पहिली पंधरा मिनिटेही गुंगीचीच असतात.

कॅमेऱ्याचे शिकलेली माणसे सांगतील. मी एवढेच म्हणेन की तुमच्याकडे चार गाड्यांना पाच चालक आहेत. तो पाचवा माणूस घरून झोपून संध्याकाळी शेडवर यावा, त्याने रात्रीचा पहिला टप्पा धुळे किंवा शिरपूरपर्यंत काढावा आणि परतीच्या गाडीने घरी यावे. आमच्या काळी एक मालक असे करत होते आणि त्यांच्या गाड्या पहाटे घाटात कधी अडकल्या नाहीत.

उत्तर : कलम-९१

मी कामगार कायद्याचे काम करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे, पण आपल्या प्रसंगात ते फार बोलके आहे.

मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. लक्षात घ्या, मोजायची ती माणसे, गाड्या नव्हेत, आणि क्लीनरही त्यांत येतो. त्यामुळे ‘माझ्या चारच गाड्या आहेत’ हा अनेक मालकांचा समज मुळातच चुकीचा होता. आपण सात जणांचे मालक आहात. त्या अधिनियमानुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, लांब पल्ल्यासाठी मंजुरीने दहा आणि चौपन्न तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, संपूर्ण दिवसाचा पसारा (काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा, विश्रांती धरून एकूण वेळ) बारा तासांच्या आत आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे, अशी चौकट होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि कामगारसंख्येची मर्यादा दहावर गेली. तेवढ्याने आपण सुटलात असे मात्र समजू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ९१ मालवाहू गाडी चालवणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचे कामाचे तास त्याच चौकटीला बांधते, आणि तिथे माणसांच्या संख्येची अट घातलेली नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चालकांच्या तासांची अंमलबजावणी कशी करायची यासाठी राज्यांच्या बैठका घेण्यास केंद्राला सांगितले होते.

आता आपल्या प्रसंगाकडे येऊ. कायद्याने ‘कामाचे तास’ म्हणजे केवळ गाडी धावण्याचा वेळ धरलेला नाही. गाडीची देखभाल-दुरुस्ती आणि माल चढवणे-उतरवणे हे ‘आनुषंगिक काम’ आहे आणि तेही तासांत मोजले जाते. म्हणजे सकाळचे टायरचे काम आणि खोक्यांची मोजणी धरली, तर आपल्या चालकाचे त्या दिवसाचे आठच काय, दहा तासही चाक फिरण्यापूर्वीच संपले होते. बारा तासांचा पसाराही रात्री साडेनऊच्या आधीच उलटून गेला होता. जीपीएसच्या अहवालात जी गाडी नियमात दिसते, ती कायद्याच्या दृष्टीने निघायलाच नको होती.

याच व्याख्येत एक फट आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून खंत वाटते. नुसते थांबून राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामाच्या तासांत धरण्याची तरतूद आहे, आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. त्यामुळे जो चालक काही न करता सहा तास गोदामाच्या रांगेत बसतो, दर वीस मिनिटांनी गाडी चार हात पुढे घेतो आणि म्हणून झोपू शकत नाही, त्याचा वेळ काम नव्हता असा युक्तिवाद मालकाला करता येतो. न्हावा शेवा बंदराच्या बाहेर कंटेनरच्या रांगेत ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर पूर्वी दोन चालक आणि दुसऱ्याला आडवे होण्याची जागा सक्तीची होती. २०१८ च्या दुरुस्तीने दोन चालकांची सक्ती गेली. प्रत्यक्षात ती फार पाळली जात नव्हती हे खरे, पण व्यापाऱ्याशी भाड्याची बोलणी करताना मालकाच्या हाती तेवढा एक आधार होता.

उत्तर : तिसरा डोळा

मी गाड्यांवर अशी उपकरणे बसवण्याच्या आणि त्यांचे अहवाल वाचण्याच्या कामात आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

चालकाकडे तोंड करून बसवलेला कॅमेरा अदृश्य अवरक्त प्रकाश टाकतो, त्यामुळे अंधारातही पापण्या दिसतात. एका ठरावीक वेळेत पापण्या किती काळ जवळजवळ मिटलेल्या होत्या, याचे प्रमाण तो काढतो आणि मर्यादा ओलांडली की आवाज करतो. त्याचा उपयोग निश्चित आहे. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत चाळीस मीटरहून अधिक रस्ता चालकाविना कापला जातो. तेवढ्यात आवाज झाला तर कठडा चुकू शकतो.

पण तो केव्हा चुकतो हेही मालकाला माहीत हवे. मावळतीच्या उन्हात चालक डोळे बारीक करतो तेव्हा तो ओरडतो, काही गॉगलांतून त्याला दिसत नाही, आणि तोंडात तोबरा असला तर कधी कधी तो जांभई समजतो. दिवसभरात वीस वेळा खोटा ओरडला की चालक त्याच्यावर चिकटपट्टी लावतो. एका गाडीत मी कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर लावलेली टिकली पाहिली होती. चालकाला विचारले तर तो म्हणाला, ‘साहेब, हे यंत्र मला दमवते आणि मालकाकडे चुगली करते.’ त्याचे म्हणणे मला पटले, कारण त्याच्या मालकाने प्रत्येक इशाऱ्यामागे दंड ठेवला होता.

म्हणून उपकरण घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवा. पहाटे तीन चाळीसला इशारा आला, तर तो कोणाच्या फोनवर येणार, आणि तो माणूस जागा असणार का? जागा असेल तर त्याने चालकाला काय सांगायचे? ‘सांभाळून चालव’ हे उत्तर असेल तर पैसे वाया गेले. ‘पुढच्या पंपावर गाडी लाव आणि झोप, उशीर झाला तर व्यापाऱ्याशी मी बोलतो’ हे उत्तर असेल, तर साध्या कॅमेऱ्यानेही काम होईल.

मार्गिका सोडल्याचा इशारा देणारे उपकरण रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचते. जिथे पट्टे पुसले गेले आहेत तिथे ते मुकाट बसते. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा रडारच्या आधारे समोरचे वाहन ओळखते आणि माझ्या मते जड गाड्यांसाठी तीच सर्वांत मोलाची आहे, कारण ती चालक जागा होण्याची वाट पाहत नाही. मात्र ती जुन्या गाडीला वरून बसवण्याची गोष्ट नव्हे. या तिन्ही गोष्टी मोठ्या प्रवासी आणि मालवाहू वाहनांना सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्राने मार्च २०२५ मध्ये काढला होता. नागपुरात महापालिकेच्या बसगाड्यांवर २०२१ पासून धडकेचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा बसवून प्रयोग झाला, त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग असा की इशारे कुठे वारंवार येतात त्यावरून धोक्याच्या जागा शोधल्या गेल्या. आपणही आपले इशारे नकाशावर आणि घड्याळावर मांडून पाहा. ते रस्त्याच्या एका जागी न साचता ‘शेडवर उशीर झालेल्या’ दिवशी साचतात असे आपल्याला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

उत्तर : ऱ्हाईनकाठी

मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षे जर्मनीत मालवाहतुकीच्या नियोजनाचे काम करतो. इथले नियम थोडक्यात असे : साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते, दिवसाला नऊ तास आणि आठवड्यातून दोनदा दहा तास चालवता येते, आणि रोज साधारण अकरा तासांची विश्रांती लागते. चालकाचे स्वतःचे कार्ड गाडीतल्या टॅकोग्राफमध्ये, म्हणजे वेळेची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात, घालावे लागते, आणि त्यात चालवणे, इतर काम, हजर राहणे आणि विश्रांती अशा चार वेगवेगळ्या नोंदी होतात. चालत्या गाडीत दुसरा चालक झोपला, तरी तो वेळ रोजची विश्रांती म्हणून धरत नाहीत.

इथे सगळे छान आहे असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी सहानंतर महामार्गालगतच्या तळांवर ट्रक लावायला जागा मिळत नाही, आणि विश्रांतीची वेळ झाली म्हणून चालक तळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या पट्टीवरच गाडी लावून झोपतात, ते वेगळेच संकट आहे.

मला सांगायचे आहे ते वेगळे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीतील दहाव्या कलमानुसार माल पाठवणारा, दलाल आणि कंत्राटदार यांनीही असे वेळापत्रक ठरवायचे आहे की जे चालकाच्या तासांत बसेल. अंतरावर किंवा मालाच्या वजनावर असा मोबदला देण्यासही मनाई आहे, ज्यामुळे नियम मोडण्याचा मोह होईल. मी नियोजन करताना रोज हे वापरतो. ग्राहक म्हणाला की ‘उद्या सहाला हवे’, तर मी त्याला लेखी कळवू शकतो की ही वेळ बेकायदा आहे.

आपला हिशेब मी मांडून पाहिला. पिंपळगाव ते दिल्ली सुमारे साडेबाराशे किलोमीटर धरू. रात्री साडेनऊला निघून तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बाजारात उतरायचे, तर हातात एकतीस-बत्तीस तास आहेत, म्हणजे जेवण, टोल, डिझेल, झोप सगळे धरून ताशी चाळीसची सरासरी. एका माणसाला हे झोपून शक्यच नाही. दिवसाला दहा तास चालवून तो चौथ्या दिवशी पोहोचेल. आपला चालक कमी पडला नाही. त्याला दिलेली वेळ एका माणसाची नव्हतीच.

उत्तर : नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून दोनच गोष्टी. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या घरात जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. तेवीस तास जागा असलेला चालक श्वासाच्या यंत्रावर मात्र शून्य दाखवतो. त्यात पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ असते.

दुसरी गोष्ट, आपल्या पाचही चालकांच्या घरी विचारा की कोण मोठ्याने घोरतो, घोरता घोरता कोणाचा श्वास अडकतो आणि सकाळी उठल्यावर कोणाचे डोके दुखते. अशा माणसाला आठ तास झोपूनही विश्रांती मिळत नाही. त्याची झोपेची तपासणी करून घ्या. हा उपचार होणारा आजार आहे, त्यासाठी कोणाची नोकरी जाण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : निफाडकर

सर्वांचे मनापासून आभार. घाटवाट काका, आपण मोजणीचे लिहिले आणि माझी झोप उडाली, कारण गेल्या वर्षी याच चालकाच्या खर्चीतून तीन खोक्यांचे पैसे मीच कापले होते. ते मी काल परत केले.

दोन व्यापाऱ्यांशी बोललो. एकांनी मान्य केले की मोजणी शेडचा मुनीम करेल, भरलेल्या खोक्यांच्या चिठ्ठीवर सही देईल आणि घट आली तर ती चालकाकडून घ्यायची नाही. दुसऱ्यांनी ‘दुसऱ्या गाड्या खूप आहेत’ असे उत्तर दिले. त्यांचे भाडे मी या हंगामात घेणार नाही, त्याचा भार आम्हाला जाणवेल. दिल्लीच्या प्रत्येक खेपेला दोन चालक पाठवायचे आणि पहिला टप्पा घरून झोपून आलेल्याने काढायचा, हे चालकांबरोबर बसून ठरवले आहे. सहावा माणूस शोधतो आहे. कॅमेरा सध्या एका गाडीला लावून पाहणार आहे, दंड न ठेवता, आणि रात्रीचा इशारा माझ्याच फोनवर येईल.

घोरण्याचे विचारले, तर एका चालकाची बायको म्हणाली की ‘भाऊजी, मी तर रात्री त्यांना हलवून उठवते, श्वास थांबतो म्हणून.’ त्याला सोमवारी नाशिकला तपासणीसाठी घेऊन जात आहे.

बुधवारी पुढची गाडी भरायची आहे. त्या दिवशी दोन्ही चालक दुपारी घरी झोपतील आणि मुनीमाशेजारी मोजणीला मी उभा राहीन.